रुसलेलं धान्य आणि गोजराबाई

एक होता राजा. त्याला तीन लेकरं. थोरला पिराजी, मधली सगुणा आणि धाकटी ठकी. लेकरं मोठी गुणाची, पण जेवायला बसली की नाकं मुरडायची. पिराजी म्हणायचा, "भातात जिरं आलंय." सगुणा म्हणायची, "भाकरीला डाग पडलाय." ठकी तर काही बोलायचीच नाही. तोंड घट्ट मिटून बसायची. नुकती तापातून उठलेली, अंगात त्राण म्हणून नव्हतं.

त्यांचा स्वयंपाक करायची गोजराबाई. भरली ताटं तशीच परत यायची. उकिरड्यावर ती रिकामी करताना बिचारीचे डोळे भरून यायचे.

मग एकदा काय झालं, सकाळी सकाळी कोठारात सळसळ ऐकू आली. गोजराबाई बघते तर काय! पुढे ज्वारी, मागे तांदूळ, त्यामागे तूरडाळ. मुंग्यांसारखी रांग लावून सगळं धान्य निघालेलं.

"अगं बायांनो, कुठं चाललात?"

ज्वारी म्हणाली, "जिथं आमची कुणी वाट बघतं, तिथं."

आणि गेलं की हो सगळं!

राजानं बाजारातून पोती आणवली. पण पोतं उंबऱ्याच्या आत आलं की रिकामं! गोजराबाईला एकच घोर लागला. आज ठकीच्या पोटात काही गेलं नाही, तर पोर पुन्हा अंथरूण धरणार, बरं का.

मग तिनं कालची भांडी उघडली. नशीब, टाकायचं राहून गेलं होतं. दोन वाळक्या भाकरी, ओंजळभर भात, थोडी मेथीची भाजी आणि तळाशी वरण.

तिनं भाकरी कुटल्या, गूळ-तूप घालून लाडू वळले. पिराजीनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला. "मावशी, आणखी आहे?"

मग दुपारी भातात भाजी कुस्करली, लहान लहान टिक्क्या थापल्या, तव्यावर खरपूस भाजल्या. सगुणा बोटं चाटत बसली.

ठकीनं मात्र दोन्ही वेळा मान फिरवली.

संध्याकाळी गोजराबाईनं जात्याच्या कडेचं मूठभर पीठ झाडून घेतलं. मळलं, वरणफळांना करतात तशी चिमुकली फळं केली आणि उकळत्या वरणात सोडली. झाली एक वाटी. ती ठकीपुढे ठेवली. ठकीनं वाटीत बघितलं. मग रिकाम्या पातेल्यात बघितलं.

"मावशी, तुझं कुठाय?"

"मला भूक नाही गं, बाळा."

ठकीनं एक फळ उचललं, फू फू करून निववलं आणि गोजराबाईच्या तोंडात घातलं. दुसरं आपल्या तोंडात. एक तुला, एक मला, असं करत वाटी चाटूनपुसून संपली.

"छान झालं होतं गं," ठकी म्हणाली.

गोजराबाईनं चुलीपुढे हात जोडले. आणि काय सांगू, दारात सळसळ झाली! पुढे ज्वारी, मागे तांदूळ, त्यामागे तूरडाळ. सगळं धान्य आपल्या पायांनी घरी आलं.

राजा धावत आला. "गोजराबाई, काय देऊ तुम्हाला?"

"महाराज, द्यायचं ते लेकरांनी दिलं. मी भरून पावले."

मग राजानं काय केलं? चुलीपुढे एकच पंगत मांडली. गोजराबाईला पाटावर बसवलं आणि पहिलं ताट स्वतःच्या हातानं तिला वाढलं. लेकरं तिला बिलगून जेवली. पुढे सगळी सुखात राहिली, पोटभर जेवली आणि गाढ झोपली. तुमचेही डोळे मिटायला लागले बघा. सरका जरा, पांघरूण घ्या अंगावर.