वेताच्या खुर्चीतला खळगा

फार पूर्वी, घरातल्या वस्तू आपसात बोलत तेव्हा, एक वेताची खुर्ची होती. वजनाला हलकी, म्हणून सकाळी अंगणात, दुपारी माजघरात, जिथे दिगंबरराव तिथे ती. त्यांच्या बसण्यानं तिच्या विणीला खोल खळगा पडला होता.

दिगंबरराव वारले. शिसवी कपाट हिणवू लागलं, "काय गं ही दशा!"

रोज संध्याकाळी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई जवळ येऊन खळग्यावर हात ठेवत, तेव्हा तर खुर्चीला मेल्याहून मेल्यासारखं होई. वाटे, या माझं व्यंगच चाचपतात.

अखेर तिनं मुद्दाम विणीतला एक वेत तटकन तोडून घेतला. मुलानं लगेच बुरुडाला बोलावलं. "आई किती खूश होईल!" तो म्हणाला. बुरुडानं वेत भिजवून नवी बैठक तबल्याच्या पुडीसारखी ताणून विणली. खुर्ची हरखली.

संध्याकाळी वत्सलाबाई आल्या. त्यांचा हात सपाट विणीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"इथंच बसायचे हो," त्या पुटपुटल्या आणि आत गेल्या. पुन्हा कधी तिच्यापाशी आल्या नाहीत.

खुर्ची अजून खचायला बघते. पण तिच्यावर रोज बसणारं आता घरात कुणी नाही.