आखूड वायर

“पण बुवा, मी सगळं तपासलंय. मग चूक माझी कशी?”

मठाच्या पडवीत शार्दूलचा आवाज जरा चढलाच. रेवणबुवा शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सगळं?”

“सगळं! ड्रायव्हर नवे टाकले. कर्नेल बदललं. लॅपटॉपमधली लिनक्स सिस्टीम दोनदा अख्खी पुसून नव्यानं बसवली. लॉगमधल्या नोंदींच्या ओळी न् ओळी वाचल्या. मोठा मॉनिटर जोडलाय, हे त्या लॅपटॉपला कळतच नाही.”

“बरं,” बुवा म्हणाले. “आणि अक्का?”

शार्दूलनं आत, काळ्या मॉनिटरसमोर बसलेल्या अक्कांकडे पाहिलं...

हा शार्दूल काही ऐरागैरा नव्हे हो. पुण्यातली नोकरी सोडून मठाची जुनी कागदपत्रं स्कॅन करायच्या सेवेला आलेला. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

दिवाळीनंतर मठाच्या पेटीत एक वही सापडली. अंबूअक्कांच्या वडिलांनी शेवटच्या आजारपणात लिहिलेली, मोडीत. शाई उडालेली. त्यांचं ते धावतं अक्षर अक्कांशिवाय कुणाला लागत नव्हतं. आणि अक्कांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याला डॉक्टरांनी जेमतेम महिन्याची मुदत दिलेली. “तेवढ्यात एकदा आप्पांचं अक्षर बघू दे बाबा,” एवढंच त्यांचं मागणं होतं.

वही स्कॅन झाली, पण लॅपटॉपच्या लहान पडद्यावर त्यांना दिसेना. मग एका भक्तानं भलामोठा मॉनिटर आणून दिला, अक्षर वीतभर दिसेल असा. सोबत डॉक नावाची एक डबी. लॅपटॉपची एकच वायर तिच्यात लावायची, की मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग सगळं एकदम सुरू.

सगळं सुरू झालं. मॉनिटर तेवढा काळाच राहिला.

अक्का रोज सकाळच्या एसटीनं यायच्या, त्या काळ्या काचेसमोर बसायच्या आणि दुपारी परत जायच्या.

“आज होईल का रे?”

“आज नाही अक्का. उद्या नक्की.”

असे तेवीस दिवस गेले. पाचव्या दिवशी त्या भीतभीत म्हणाल्या होत्या, “ती वायर बदलून बघतोस का एकदा? आमच्या टीव्हीचं असंच व्हायचं.”

शार्दूल हसला होता. “अक्का, चार्जिंग होतंय, कीबोर्ड चालतोय. वायर ठणठणीत आहे. हे टीव्हीचं काम नव्हे.”

अक्का पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

परवा त्यांचा दुसरा डोळाही गेला. तरी आज शेजारणीचा हात धरून आल्या होत्या आणि सवयीनं आत मॉनिटरसमोरच बसल्या होत्या.

बुवांनी टरफलं झटकली आणि ते उठून आत गेले. भगवी घालण्याआधी वीस वर्षं टेलिफोनचे खांब चढलेला माणूस. त्यांनी लॅपटॉप आणि डबीमधली ती वायर बोटात धरली.

“ही डबीबरोबर आलेली?”

“नाही. ती आखूड होती. मॉनिटर अक्कांपाशी, माझं टेबल खिडकीकडे. पोचेना. म्हणून ही लांब लावली, माझ्या मोबाइलची.”

“टेबल खिडकीकडे का?”

“लोक पाठीशी उभे राहतात बुवा. डोकावतात, सारखं काहीबाही विचारतात. कामच होत नाही.”

“हं... आखूड कुठाय?”

“खणात.”

बुवांनी टेबलाचं एक टोक धरलं. “धर.”

टेबल फरफटत अक्कांच्या खुर्चीला येऊन टेकलं. बुवांनी लांब वायर काढली, आखूड लावली.

मॉनिटर उजळला.

मोबाइलच्या त्या वायरीतून वीज जात होती, कीबोर्डही चालत होता. चित्र मात्र जात नव्हतं. दिसायला दोन्ही वायरी सारख्याच. शार्दूलला हे माहीत नव्हतं असं नाही. अहो, दहाजणांना त्यानंच शिकवलं होतं! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

“आलं का रे?” अक्कांनी विचारलं.

“आलं, अक्का.”

“केवढंसं आहे आप्पांचं अक्षर?”

“वीतभर...”

त्या दिवशी हसलो नसतो तर, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

अक्कांनी हात पुढे करून काच चाचपली. काच नुसती गुळगुळीत.

“पहिलं अक्षर कसं दिसतंय?”

“मला मोडी येत नाही, अक्का.”

“वाचू नकोस. दिसतंय तसं सांग.”

तो सांगू लागला. रेघ कुठून निघते, कुठे वळते, गाठ कुठल्या अंगाला पडते. तो चुकायचा, त्या पुन्हा विचारायच्या, तो पुन्हा वाकून बघायचा. अक्कांचं बोट हवेत गिरवत होतं. दोन अक्षरांना अर्धा तास लागला.

मग बोट थांबलं.

“अंबू,” अक्का म्हणाल्या. “अरे, हे तर माझंच नाव आहे...”

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

शार्दूलला तिथे बसवेना. तो पडवीत आला. बुवा पुन्हा शेंगा सोलत होते. त्यानं त्यांचे पाय धरले.

“बुवा, याची भरपाई कशी करू?”

“होत नाही.”

“...मग मी करू काय?”

बुवांनी एक शेंग फोडली. आतून अक्कांची हाक आली, “बाळा, पुढचं अक्षर?”

“जा,” बुवा म्हणाले. “आणि टेबल परत खिडकीकडे नेऊ नकोस.”