साबणाचं नाव एकदाच

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या रेडिओ स्टेशनात ओडेसा पिंकनी पियानोपुढे बसली आणि गाणं घोळवून बघू लागली. गावोगावच्या गुत्त्यांत ब्लूज, म्हणजे दुःखाची गाणी, गाण्यात अर्धं आयुष्य गेलं, आणि आज पहिल्यांदाच अख्खं शहर तिला ऐकणार होतं! तेवढ्यात कार्यक्रमाचा खर्च उचलणारे साबणवाले क्रॅबट्रीसाहेब आत आले.

"ए बाई, पहिली ओळ दोनदा का गातेस? लोक काय बहिरे आहेत? एकदाच गायची, नाहीतर आत्ताच घरी जा."

ब्लूजची रीतच ती! आधी तीच ओळ दोनदा, मग तिला उत्तर. पण ओडेसा म्हणाली, "बरं साहेब. आज काहीच दोनदा नाही."

कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. सुरुवातीला जाहिरात गायची होती, आणि तिच्यात 'क्रॅबट्री साबण' हे नाव चांगलं चारदा यायचं. ओडेसानं ते एकदाच घेतलं, बाकीच्या जागी नुसता पियानो वाजवला.

काचेपलीकडे साहेब लालबुंद! ते धावतच आत आले. "अगं, नाव घे! पुन्हा घे!"

"का साहेब?" बोटं न थांबवता तिनं माइकमध्येच विचारलं.

"एकदा ऐकून लोकांच्या लक्षात कसं राहील?"

"तेच म्हणते मी! साबण लक्षात राहत नाही, मग माझं दुःख कसं राहील?"

निवेदक खो खो हसत सुटला. सगळं शहर ऐकत होतं. साहेबांनी गपचूप खुर्ची ओढली. "गा बाई. तुझ्या रीतीनं गा."

ओडेसानं पहिली ओळ अशी काही उचलली, की ती दुसऱ्यांदा येईपर्यंत साहेबांच्याच पायानं ठेका धरला होता.