शिरपती कॉम्प्युटर पळता करतो

तांबूळवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात शिरपती नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की त्याला 'जरा थांब' म्हणून कुणी विसरून गेलं, तर दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा असायचा.

गावच्या दूध डेअरीत तो कॉम्प्युटरवर बसायचा. बाया किटल्या घेऊन यायच्या, शिरपती नाव टाकायचा, कॉम्प्युटर लगेच सभासदाची माहिती दाखवायचा, दूध मापात पडायचं.

एके दिवशी डेअरीत नवं सॉफ्टवेअर आलं आणि कॉम्प्युटर रुसून बसला. नाव टाकावं, चहा प्यावा, पान खावं, तरी माहिती येईना. रांग पार देवळापर्यंत गेली. उन्हात दूध नासायला लागलं.

डेअरीच्या सचिव यमुनाक्का कडाडल्या, "शिरपा, सॉफ्टवेअरवाल्या मॅडमला फोन लाव. ती सांगेल तस्सं कर. स्वतःचं डोकं चालवू नको."

"नाही चालवत, अक्का," शिरपती म्हणाला. आजवर त्यानं ते चालवलंही नव्हतं.

बेळंके मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर्व्हरवर लोड फार आलाय. लोड कमी करा."

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला काळा डबा. त्याच्यावर पेंडीचं पोतं होतं. शिरपतीनं पोतं उतरवलं. डब्याला जरा चोळूनही दिलं. फरक पडेना.

"अहो, लोड म्हणजे पोतं नव्हे!" मॅडम म्हणाल्या. "लोड म्हणजे माणसं. माणसं कमी करा."

"आलं ध्यानात."

तेवढ्यात पेंडीचा टेम्पो डेअरीसमोरच्या चढावर अडकला. ड्रायव्हर ओरडला, "शिरपा, लोड जास्त झालाय. कमी कर!"

शिरपतीनं दार उघडलं आणि ड्रायव्हरलाच खाली ओढलं. टेम्पो घरंगळत मागं गेला आणि उकिरड्यात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मॅडम, माणूस उतरवला. तरी कॉम्प्युटर हळूच चालतोय."

"मग टेबल फार मोठं झालं असणार. त्यातला जुना भाग काढून टाका."

डेअरीतलं टेबल उजवीकडं जुनं होतं, डावीकडचे पाय सुतारानं नवे बसवलेले. शिरपतीनं करवत आणली. दुपारी यमुनाक्कांनी जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि टेबल डब्यासकट कलंडलं. आमटी भिंतीपर्यंत गेली.

"अरे देवा!" मॅडम फोनवर म्हणाल्या. "टेबल म्हणजे लाकूड नव्हे हो! टेबल म्हणजे आपले सभासद, ओळीनं मांडलेले!"

"असं होय! मग आधीच सांगायचं की."

नासक्या दुधाची तक्रार वर गेली. दूध संघाचे साहेब गाडी घेऊन दारात आले. यमुनाक्का घाईनं म्हणाल्या, "शिरपा, टेबल मांड आणि साहेबांचा चहा त्यावर ठेव."

शिरपतीनं रांगेतले सभासद ओट्यावर ओळीनं बसवले आणि पहिल्याच म्हाताऱ्याच्या पागोट्यावर कपबशी ठेवली. म्हातारा श्वाससुद्धा घेईना.

साहेबांनी चहा घेतला नाही. "आज संध्याकाळी टँकर येईल," ते म्हणाले. "चांगलं दूध मिळालं नाही, तर डेअरीला कुलूप." आणि गेले.

यमुनाक्का पदरानं डोळे टिपत बसल्या. नशिबानं सकाळचं दूध थंड कॅनमध्ये शाबूत होतं. आता तरी चुकायचं नाही, असं ठरवून शिरपतीनं फोन लावला.

"मॅडम, अगदी नीट सांगा. मी अक्षरही इकडचं तिकडं करणार नाही."

"हे बघा," मॅडम दमून म्हणाल्या, "नवं सॉफ्टवेअरच बिघडलंय. आत जे जे नवीन आलंय, ते जिथून आलं तिथं परत पाठवा. काही मागं ठेवू नका. मग सगळं पहिल्यासारखं होईल."

शिरपतीनं आत पाहिलं. नवीन काय आलं होतं? सकाळचं दूध. त्यानं कॅन बैलगाडीत चढवले आणि तो दारोदार फिरला.

"मावशी, तुमचं दूध कुठनं आलं होतं?"

"म्हशीतनं! आणि कुठनं येणार?" मावशी म्हणाली.

संध्याकाळी टँकर येऊन उभा राहिला. डेअरीत थेंब नव्हता. यमुनाक्का शिरपतीला शोधत गावभर पळत होत्या. इतक्यात शिरपतीला मॅडमचाच फोन आला.

"शिरपती, परत गेलं का सगळं?"

"दारापर्यंत गेलंय, मॅडम," म्हशीखालून शिरपतीचा दमलेला आवाज आला. "पण सडातनं आत काही जाईना. नरसाळं कोणत्या मापाचं घेऊ?"