कामोणीची बयजा

फार फार वर्षं झाली त्याला. खडकोलीच्या ओढ्याकाठी बयजा नावाची बाई राहायची. झाडपाल्याचं औषध करायची. ओढ्याला कामोणी माजलेली असायची. वांग्या-मिरचीच्या नात्यातलं रानझुडूप ते. पांढरी बारकी फुलं, मण्याएवढी फळं. तिचा पाला शिजवून बयजा काविळीच्या माणसाला खाऊ घालायची आणि पिवळे पडलेले डोळे पुन्हा पांढरे व्हायचे, असं म्हणतात.

एका वर्षी घरोघर कावीळ आली. बयजा दारोदार सांगत सुटली, "कामोणी खा रे, तिच्यासारखं औषध नाही." माणसं उठून बसली. पण पारूची चार वर्षांची ठकी ओढ्यावर गेली आणि तिनं ओंजळभर हिरवी, कच्ची फळं खाल्ली. संध्याकाळी पोर ओकायला लागली, पोट धरून लोळली, मग डोळेच उघडेना.

"हिनंच सांगितलं होतं खा म्हणून!" पारू ओरडली. लोक कोयते घेऊन कामोणी मुळासकट काढायला निघाले.

बयजा त्यांच्या आड आली नाही. ठकीला मांडीवर घेऊन बसली. तीन दिवस थेंब थेंब पाणी पाजत राहिली. त्या तीन दिवसांत तिचे काळे केस पांढरे झाले, असं म्हणतात. चौथ्या दिवशी सकाळी पोरीनं डोळे उघडले.

"आये, भूक लागली."

बयजा पारूला म्हणाली, "झाडाचं काही चुकलं नाही गं. चुकलं माझं. मी गुण सांगितला, घात सांगितला नाही."

पारू चुलीकडं गेली. तिनं बयजापुढं भाकरी ठेवली.

ओढ्याला एकच झुडूप वाचलं होतं. बयजानं त्याची फांदी घेतली, निम्मी फळं हिरवी, निम्मी काळी, आणि गावोगाव निघाली. "हे हिरवं पोटात जाऊ देऊ नका. काळंभोर पिकलेलंच खा, तेही चार दाणे." बारा गावं झाली तरी फांदी सुकली नाही. बयजा मात्र परत आली नाही. ती जिथं जिथं टेकली, तिथं तिथं कामोणी उगवली, असं म्हणतात.

अजूनही खडकोलीत पोर चार वर्षांचं झालं की आई त्याला ओढ्यावर नेते. हातावर हिरवं फळ ठेवते. पोरानं ते लांब फेकायचं, मग त्याला एक काळं मिळतं. काविळीचं माणूस आता तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. पण घरी काय काय खाऊ घातलं, ते डॉक्टरनं विचारायच्या आधीच सांगून टाकतात. बयजाचं गाव आहे ते.