अर्धी पिसं, अर्धे केस

मधल्या खुंटीवरचा तो मुखवटा बघा. पांगाऱ्याच्या लाकडाचा आहे, हलका. ही आमची देवी, मोरमाय. डाव्या अंगाला मोरपिसं आणि उजव्या अंगाला केस. येणारे पाहुणे विचारतात, घोड्याचे का हो? कुणी म्हणतं, इकडची पिसं उंदरांनी खाल्ली असतील. तसं नाही. ते बाईमाणसाचे केस आहेत. बसा, सांगतो. बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या नाचाला, अजून वेळ आहे, मुखवटा काही लगेच नाचायला उतरत नाही.

माझ्या आज्याने त्याच्या आज्याकडून ऐकलेली ही गोष्ट. तेव्हा मोरमायेच्या डोक्यावर दोन्हीकडे पिसंच असायची. भादव्यात मोर पिसं टाकतो. बाया ती रानातून वेचून आणायच्या आणि चैत्रातल्या बोहाड्यापर्यंत देवळात टोपलीत जपून ठेवायच्या. पीस जिवंत मोराचं हवं, एवढा एक नियम होता. मोर मेला की त्याच्या अंगावरचं पीसही मेलं, मग त्यात देवी येत नाही, असं मानायचे. आणि मोर मारणं तर पापच.

एका साली धाकू पाटलाचा एकुलता एक मुलगा, लाखा, देवीच्या फोडांनी आजारी पडला. अंगावर तीळ ठेवायला जागा नव्हती म्हणे. पाटलाने नवस केला, मोरमाये, चैत्रात तुला भरल्या डोक्याने नाचवतो, तेवढं पोर राख. चैत्र आला, पोर तसंच पडलेलं. देवळातली टोपली उघडली, तर आत वाळवी. पिसांच्या नुसत्या काड्या उरलेल्या.

रानातले मोर त्या दिवसांत पिसं टाकत नाहीत. पण पाड्यावर एक पाळलेला मोर होता, भिवरीचा. भिवरी नवऱ्याने टाकलेली, भावाच्या वळचणीला राहायची. रानात सापडलेलं अंडं तिने कोंबडीखाली उबवलं होतं. त्यातून हा निघाला. तुऱ्या त्याचं नाव. तिच्या हातातले नाचणीचे दाणे खायचा, तिच्या मागे विहिरीवर जायचा. बाया हसायच्या, "भिवरीला नवरा टिकला नाही, मोर टिकला." तीही हसायची. म्हणायची, "हा निदान मारत तरी नाही."

पाटील चार माणसं घेऊन तिच्या दारात आला. सोबत बेंडू भगत होता.

"दादा, मोर नका नेऊ," भिवरी म्हणाली.

"मोर कोण नेतंय? पिसं घेतो. पुन्हा येतात."

"भादव्यात स्वतःच टाकेल. तवा सगळी घ्या."

"भादव्यापर्यंत माझं पोर राहील का, ते सांग."

माणसांनी तुऱ्याला धरलं, पण तो कुणालाच आवरेना. एकाचा हात फाडला. मग भगत म्हणाला, "तुझ्या हातात गप बसतो ना? तूच धर."

आणि तिने धरला, असं सांगतात. मांडीवर घेतला, पंखांवर हात ठेवले. तो गप बसला. तिच्यावर भरवसा होता त्याचा. माणसं डाव्या अंगाने एकेक पीस उपटू लागली. मारायचं पाप नको म्हणून जिवंतपणी उपटायची. आमच्या माणसांना ते पुण्याचं वाटलं, काय म्हणावं. पिसाच्या मुळाशी रक्त यायचं. मोर ओरडायचा आणि मान वळवून तिच्याकडेच बघायचा.

डावं अंग संपलं तशी भिवरीने दोन्ही हातांनी त्याची मान मुरगळली.

"मोर मेला," भगत म्हणाला. "उरलेली पिसं मेली."

"मग अर्ध्या डोक्याने माझं पोर काय अर्धं वाचणार?" पाटलाने विचारलं.

उत्तर पाटलिणीने दिलं. ती पोराच्या उशाशी बसली होती, तिथून उठून आली होती. म्हणाली, "जिनं अर्धं केलं, तिनंच पुरं करावं. तिच्या डोक्यावर काय कमी आहे?"

भिवरीचे केस गुडघ्याला टेकायचे. कापावे, तर कापलेला केस मेलेला. मुळासकट हवा. दोन बायांनी तिचे हात धरले आणि बाकीच्यांनी उजव्या अंगाने उपटायला सुरुवात केली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही, असं कथेत सांगतात. माझा आजा म्हणायचा, ते खोटं. ओरडली ती. ओरडणार नाही तर काय करणार?

मोरमाय नाचली. संबळ थांबायच्या आत लाखाचा ताप उतरला.

पाहुण्यांना वाटतं, आता देवी कोपली असेल, पाटलाचं वाटोळं झालं असेल. तसं काही झालं नाही. पोर उठून पेज प्यालं. देवीने ते डोकं मानलं, मग ते बदलायचं कसं? पिसं पुन्हा भादव्यात वेचली, पण डाव्या अंगापुरतीच. उजव्यासाठी दरसाल चैत्रात भिवरीला बोलावणं जायचं. केस थोडे वाढलेले असायचे, तेवढे घ्यायचे.

लाखा मोठा झाला, बाप मेल्यावर पाटील झाला, यमी नावाची बायको घरात आली. आपण कशाने जगलो हे त्याला ठाऊक होतं. एका सकाळी तो भिवरीच्या दारात जाऊन तिच्या पाया पडला.

"आत्या, आता केस द्यायला तू नको बसू. बदल्यात काय हवं ते माग. शेत घे, गाय घे."

भिवरी म्हातारी झाली होती. तिने त्याच्या गालावरच्या देवीच्या वणांवरून बोट फिरवलं.

"शेत नको. माझ्या जागी तुझी बायको बसव."

"तिने काय केलं, आत्या?"

"काही नाही. तुऱ्याने काय केलं होतं?" मग म्हणाली, "भिऊ नको. तिला मीच धरते. माझ्या हातात गप बसेल ती."

लाखाने शब्द दिला होता. तो काय मागे फिरतो? त्या चैत्रात यमी देवळासमोर बसली, आणि भिवरीने तिला मांडीवर घेऊन धरलं. फार मायेने धरलं म्हणे. पदराने तिचे डोळे पुसत होती, आणि हात सोडत नव्हती.

आजही चैत्रात पाटलाच्या घरची धाकटी सून इथे देवळाच्या या पायरीवर बसते. भिवरीच्या भावाच्या वंशातली एक बाई तिला धरते. आता चिमूटभरच केस घेतात, पण मुळासकट. मागे एका मास्तराने कातर आणून दिली होती, ती सुनेनेच परत केली. केस निघेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. नंतर धरणारी बाई तिच्या टाळूला तेल लावते आणि तोंडात गुळाचा खडा देते. सून तो खडा कधी गिळत नाही. उठून कडेला जाते, आणि थुंकते.