कुंदा आणि कडीचा डबा

निळ्यासावळ्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथं इवले इवले ढग चरायला उतरलेल्या कोकरांसारखे रेंगाळत, तिथं एक गाव होतं. गावाच्या टोकाला लाल कौलांचं एक घर होतं. आणि त्या घराच्या मागच्या अंगणात नऊ वर्षांची कुंदा रोज दुपारी आपल्या आईचा संसार घासत बसलेली असे.

गेल्या वर्षी गावोगाव तापाची साथ आली आणि कुंदाचे आईबाबा एकाच आठवड्यात गेले. काकानं तिला आपल्या घरी आणलं. तिच्यामागून एका टेम्पोत तिचं घरही आलं, म्हणजे घरातली भांडीकुंडी. काकू ओसरीवर उभी राहून टेम्पोकडं बघत म्हणाली, "एवढं सगळं ठेवायचं कुठं?" आणि तिनं फोन काढला.

काकूच्या फोनमध्ये एक बाजार भरायचा. त्या बाजारात तराजू नव्हता, की ताडपत्रीही नव्हती. वस्तूचा छानसा फोटो टाकायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, की कुठल्या कुठल्या गावची माणसं बोली लावायला लागत. संध्याकाळी बोली मिटे. ज्याची बोली सर्वांत वर, त्याची वस्तू. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला येऊन खोकं घेऊन जाई.

काकू दुष्ट नव्हती. दुष्ट असायला वेळ लागतो, आणि काकूला वेळ नव्हता. ती कुंदाला पोटभर जेवायला घाली, तिच्या घट्ट वेण्या घाली आणि म्हणे, "तुझ्या हाताला गुण आहे हो. तू घासलंस की बोली चढते."

कुंदाला शाबासकी आवडायची. मग ती चिंचेच्या कोळात चिमूटभर मीठ घालून आणखी घासायची. तिच्या हातची परात सूर्याच्या धाकट्या बहिणीसारखी झळझळायची, तांबे कोवळ्या पानासारखे लालस दिसायचे, चिमुकल्या वाट्यांत आभाळाचे चिमुकले निळे तुकडे पडायचे. आणि जे भांडं जास्त झळझळायचं, ते लवकर घराबाहेर जायचं. हे कुंदाच्या ध्यानात आलं तोवर निम्मं घर गेलं होतं. तरीही ती तसंच घासत राहिली. चांगल्या मुली अर्धवट घासत नाहीत.

भांड्यांवर नावं होती, टिंबाटिंबांनी कोरलेली. लग्नात ज्यानं दिलं त्याचं नाव. त्या टिंबांवरून बोट फिरवतच कुंदा अक्षरं शिकली होती. पण भांडं पाठवण्याआधी काकू ते चौकातल्या पॉलिशवाल्याकडून नाव घासून आणायची. "परक्याचं नाव कोणाला हवंय आपल्या घरात?" ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

कुंदाला त्या सगळ्यातली एकच वस्तू हवी होती. आई लहानपणी शाळेत न्यायची तो कडीचा पितळी डबा. त्याच्या झाकणावर लिहिलं होतं, कु. इंदुमती. लग्नात आईचं नाव बदललं आणि ती रमा झाली. पुढं सगळे तिला रमाच म्हणत. एवढ्या मोठ्या संसारात आईचं पहिलं नाव त्या एका झाकणावर उरलं होतं, आणि ते तिचं आहे हे आता फक्त कुंदाला ठाऊक होतं.

एकदा तिनं विचारून पाहिलं. "काकू, तो कडीचा डबा ठेवू या का?"

"कशाला ग? डबे काय थोडे आहेत आपल्याकडं?"

"बरं," कुंदा म्हणाली. कुंदा नेहमी 'बरं'च म्हणायची. शेजारणी म्हणत, किती गुणाची पोर.

मग एका दुपारी, अंगणाच्या कडेच्या गुलबक्षीच्या कळ्या अजून मिटलेल्या असताना, चिंचेच्या पाण्यात काहीतरी टपकन पडलं. फुलपाखरू असेल म्हणून कुंदानं ते पानावर अलगद उचललं. पाहते तर काय, बोटाच्या पेराएवढी एक परी. अर्धे पंख गुलाबी, अर्धे हळदी पिवळे, आणि सगळे चिंचेनं चिकट झालेले. कुंदानं तांब्यातल्या स्वच्छ पाण्यानं तिचे पंख धुतले, फ्रॉकच्या टोकानं टिपले आणि तिला उन्हात ठेवलं. पंख सुकले तसे त्यांतून सोनेरी कण झिरमिर झिरमिर उडायला लागले.

"गुणाची आहेस ग," परी म्हणाली. तिचा आवाज काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणत होता. "तीन इच्छा देते. माग."

कुंदानं जरासुद्धा वेळ घेतला नाही. "आई."

परीनं मान खाली घातली. "ते माझ्या हातात नाही, बाळ. माझी सत्ता फक्त वस्तूंवर."

"बरं," कुंदा म्हणाली.

"नियम ऐक. गुलबक्षी उमलायला लागली की मागायचं, फूल पूर्ण उघडायच्या आत. ज्या दिवशी ज्या वस्तूची बोली असेल, त्या दिवशी तीच मागायची. पैसे मागायचे नाहीत. आणि तू मागितलंस की ती वस्तू आणखी कोणाला हवी आहे ते मी तुला दाखवीन. मग तू म्हणशील त्याला ती मिळेल."

"मी म्हणेन त्याला?"

"तू म्हणशील त्याला. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी तांब्याच्या घंगाळाची बोली होती. त्याच घंगाळात आईनं कुंदाला न्हाऊ घातलं होतं. चार वाजले, पहिली कळी थरथरली, आणि कुंदा म्हणाली, "घंगाळ मला."

परीनं गुलबक्षीची एक काळीभोर, गोलमटोल बी खुडली आणि फुंकर मारून चकचकीत केली. बीमध्ये चित्र उमटलं. दूरच्या शहरात एक एवढीशी खोली. रंगाच्या रिकाम्या बादलीत एक बाई आपल्या तान्ह्या बाळाला अंघोळ घालत होती. बाळाचे गुबगुबीत पाय बादलीत मावत नव्हते. बाईचा ओला अंगठा फोनवरच्या घंगाळापाशी जात होता आणि मागं येत होता.

कुंदानं बाळाचे पाय पाहिले. "तिला दे," ती म्हणाली.

परी एकदम उजळली. तिच्या पंखांची टोकं चांदण्यांसारखी लुकलुकली. तिनं कुंदाच्या केसांवर चिमूटभर चांदी भुरभुरली. कुंदाला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं जेवायला बसेपर्यंत पुरलं.

"कमाल आहे," काकू ताट वाढताना म्हणाली. "चढती बोली होती, एकाएकी सगळे गप्प. घंगाळ गेलं अगदी स्वस्तात."

दुसऱ्या दिवशी समईची पाळी होती. कळी थरथरली, कुंदानं समई मागितली, परीनं बी चमकवली. या वेळी एक म्हातारे आजोबा दिसले, चष्मा कपाळावर चढवून फोन अगदी नाकाशी धरलेले. खाटेवरच्या आजींना ते सांगत होते, "अग, ही बघ. आपलीच समई. गेल्या वर्षी विकली ती. मोर बघ, तसाच मान वाकडी केलेला."

"आपलीच का हो नक्की?" आजींनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"आपलीच. मी ओळखणार नाही होय?"

ती त्यांची नव्हती. कुंदा चार वर्षांची असताना समई तिच्या हातून पडून त्या मोराची मान वाकली होती, आणि आई रागावण्याऐवजी हसली होती. परीला एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. कुंदानं आजोबांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि काही सांगितलं नाही.

"त्यांना दे."

परी आणखी उजळली. आता ती काजव्याएवढी नव्हती, पणतीएवढी झाली होती. गुलाबी, केशरी, मोतिया रंगाची वलयं तिच्याभोवती फिरत होती. कुंदा मात्र तेवढीच राहिली होती, उलट घासून घासून तिची बोटं पांढरी पडली होती. देणारी कुंदा आणि उजळणारी परी, हे कुंदानं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी काकूनं डबा बाहेर काढला. "हा झाला की तुझ्या आईचं संपलं बघ," ती म्हणाली. "जरा नीट घास हं. उद्या सकाळी पॉलिशवाल्याकडं नेते, ते कोणाचंसं नाव आहे वर." कुंदानं डबा घासला. झाकण घासताना तिनं टिंबांभोवतीचं पितळ उजळलं आणि टिंबांमधला काळेपणा तसाच ठेवला, नाव स्पष्ट दिसावं म्हणून. काकूनं फोटो काढला तो झाकण मागं फिरवून.

चार वाजले. कळी थरथरली.

"डबा मला," कुंदा म्हणाली.

बी चमकली. एक उजेडाचं घर, खिडकीत जाईचा वेल, आणि कुंदाएवढीच एक मुलगी. दोन वेण्या, वेण्यांना आकाशी रिबिनी. ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहायला निघाली होती आणि तिची आई फोनवर तिला डबा दाखवत होती. "हाच घेऊ या. लाडू भरून देते. जुनं नाव असलंच तर घासून टाकू आणि तुझं घालून घेऊ."

"माझं पूर्ण नाव हं, आई," मुलगी म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. गोड मुलगी होती. तिच्यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.

फुलं उमलायला लागली, एक गुलाबी, एक पिवळं, एक दोन्ही रंगांचं. परी कुंदाकडं बघत होती. तिच्या पंखांची टोकं आधीच लुकलुकायला लागली होती, कारण कुंदा काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

कुंदाच्या तोंडात 'बरं, तिला दे' हे शब्द आले. इतक्या वेळा म्हटलेले शब्द आपोआप येतात. तिनं ते गिळले.

"नाही," ती म्हणाली.

परीचे पंख थांबले. "काय म्हणालीस?"

"तिला नको. मला हवा." कुंदा बोलतच राहिली. "तिला दुसरा डबा चालेल. तिची आई तिला दुसरा शोधून देईल, त्यावर तिचं पूर्ण नाव घालेल. माझ्या आईचं नाव दुसऱ्या कशावरच नाही. ते उद्या घासलं की ती रमाच राहील, आणि रमाचं तर सगळं विकून झालं. मला तो फार हवा आहे. मला पहिल्या दिवसापासून हवा होता." मग ती रडायला लागली. "मी वाईट झाले का?"

परी गुलबक्षीच्या फांदीवर जाऊन बसली. गेल्या हजार वर्षांत तिला पुष्कळ चांगली मुलं भेटली होती, आणि सगळ्यांनी शेवटी देऊनच टाकलं होतं. त्यांचं पुढं काय झालं, हे बघायला ती कधी थांबली नव्हती.

"नाही ग," ती म्हणाली. "दोनदा दिलंस ते मनापासून दिलंस. आता मागितलंस तेही मनापासूनच. नियमात बसतं."

"आणि ती मुलगी?"

"दोन दिवस रुसेल," परी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. "मग स्टीलचा घेतील."

तेवढ्यात काकू फोनकडं बघत बघत मागच्या दारात आली. "कुंदे, हे काय ग? बोली मिटली. पैसेही जमा झाले. पण घेणाऱ्याचं नाव कुंदा, आणि पत्ता आपलाच. खाली लिहिलंय, नाव घासू नये."

कुंदानं डोळे पुसले. "मी घेतला, काकू."

काकूनं तिच्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. पण फोनच्या बाजारात काकूचा फार लौकिक होता. मिटलेली बोली तिनं कधी मोडली नव्हती. "घेतलास तर घेतलास," ती म्हणाली. तिनं डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात घातला, चिकटपट्टी लावली, वर पत्ता लिहिला आणि खोकं कुंदाच्या हातात दिलं. आपल्याच आईची वस्तू अशी खोक्यातून मिळालेली त्या गावात कुंदा पहिलीच. "उघड आता. पोचल्याचा फोटो टाकावा लागतो."

कुंदानं चिकटपट्टी सोडवली. डब्यात काही नव्हतं, वासही उरला नव्हता. झाकण मात्र उन्हात लखलखत होतं. फोटो घ्यायला वाकलेल्या काकूनं पहिल्यांदाच ते नीट वाचलं.

"इंदुमती? ही कोण?"

"माझी आई."

"तुझी आई रमा होती."

"ती लग्नानंतर." मागायला आज जमलं होतं, तर विचारायलाही जमेल असं कुंदाला वाटलं. "काकू, तुझं आधीचं नाव काय होतं?"

काकूच्या हातातला फोन काळा होऊन गेला. "होतं एक," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

गुलबक्षी आता पूर्ण उमलली होती. परी फांदीवरून वर उठली, गुलाबी, मग केशरी, मग पांढरीशुभ्र होत. जाता जाता तिनं एकदा उंबऱ्याकडं वळून पाहिलं, पण परीची वरदानं फक्त मुलांसाठी असतात. अंगणभर, कौलांवर, काकूच्या भांड्यांवर लख्ख उजेड पसरला आणि त्यात ती विरून गेली.

तो उजेड ओसरायला लागला तेव्हा काकूनं एक नाव उच्चारलं, इतकं हळू की कुंदाला पुन्हा विचारावं लागलं. काकूनं ते पुन्हा सांगितलं. मग कुंदानं डबा मांडीवर घेतला, काकूच्या शेजारी टेकली, आणि ते नाव तिला एकदा मोठ्यानं म्हणून दाखवलं.